लाल दोऱ्याची शिवण

सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी तिने रुग्णालयाच्या तळघरातील शिवणखोलीचे कुलूप काढले. मशीनवरचे आवरण घडी करून खुर्चीच्या पाठीवर टाकले, सुईखालच्या दात्यांत अडकलेले तंतू जुन्या टूथब्रशने झाडले, तीन ठिकाणी तेलाचा एकेक थेंब सोडला आणि चिंधीवर वीतभर शिवण मारून टाका नीट पडतो का ते पाहिले. मग धुलाईतून आलेली गाठोडी सोडली. उसवलेले डावीकडे, फाटलेले उजवीकडे. उसवलेल्याला नुसता दोरा पुरतो, फाटलेल्याला कापड द्यावे लागते. तिसरा ढीग बाद चादरींचा. तो सरकारी दृष्टीने कचरा होता. तिच्या दृष्टीने अजून पुष्कळ कापड होते.

सगळे रुग्णालय तिला टाकेवाल्या मावशी म्हणे. "वरचे टाके डॉक्टरांचे, खालचे मावशींचे," असा एक जुना विनोद होता, आणि मावशींचे टाके सहसा उसवत नाहीत, अशी त्याला पुस्तीही होती.

भांडारप्रमुख आले तेव्हा साडेआठ झाले होते. एरवी ते दारातूनच काम सांगून जात. आज स्टूल ओढून बसले. त्यांच्या हातात रुग्णाचा एक गाऊन होता.

"ताई, हा तुमचाच ना?"

ओळखायला फार वेळ लागणार नव्हता. रुग्णालयाचा गाऊन पाठीवर पूर्ण उघडा असतो आणि तीन नाड्यांच्या भरवशावर अंगावर राहतो. या गाऊनला मागे एक हात रुंद जादा पट्टी लावलेली होती, ती पाठ झाकून कमरेपाशी बांधता येत होती. आणि ती पट्टी लालभडक दोऱ्याने शिवलेली होती.

"माझाच," ती म्हणाली.

"असे किती आहेत?"

"दोनशे बारा. हे मशीनवर आहे ते धरलं तर दोनशे तेरा."

भांडारप्रमुखांनी कपाळाला हात लावला. "अहो ताई! तपासणी पथकाने सहा नंबर वॉर्डात बघितलं. मंजूर नमुन्यात बदल, तोही बाद मालातून. मला म्हणतात, परवानगी कुणाची? मी काय सांगू? पांढऱ्या दोऱ्याने शिवलं असतंत, तर कुणाच्या बापाला कळलं नसतं."

"म्हणून तर लाल घेतला."

माणूस वाईट नव्हता. त्यांची आई याच रुग्णालयात महिनाभर होती, तेव्हा उशांचे अभ्रे मऊ निवडून तिनेच वर पाठवले होते, आणि ते हे विसरले नव्हते. त्यांनी खिशातून एक कागद काढला.

"मी मार्ग काढलाय. यात लिहिलंय, नजरचुकीने झालं. पट्ट्या उसवून गाऊन पूर्ववत करते. खाली सही. निवृत्तीला चार महिने राहिलेत ताई, कशाला चौकशी लावून घेता मागे? पाच वाजेपर्यंत द्या."

"आणि पेशंट?"

"पेशंट काय, इतकी वर्षं घालतच होते की."

ते गेल्यावर तिने कागद कात्रीखाली दाबून ठेवला आणि एक फाटकी चादर हाती घेतली. हात चालू असले की डोके शांत राहते, हे तिला ठाऊक होते.

वयाच्या एकविसाव्या वर्षी ती एका शिंप्याच्या दुकानात काजे-बटणे करत होती. एक दिवस अर्धे डोके भादरलेली, कानात सेफ्टी पिना अडकवलेली एक मुलगी काउंटरवर जॅकेट आपटून म्हणाली होती, "हे फाटलंय. शिव, पण शिवलेलं दिसलं पाहिजे." मालक हसला. शिवण दिसू न देणे हीच तर त्याची आयुष्यभराची कमाई होती. पण तिने हौसेने लाल दोरा घेतला आणि फाट पुढे जाणार नाही, तरी जखमेसारखी उठून दिसेल, असे टाके घातले. मुलीने जॅकेट उलटसुलट करून पाहिले. "याला म्हणतात पंक," ती म्हणाली.

त्या मुलीला सगळे भोंगा म्हणत. आवाजच तसा होता. दुकानाच्या माळ्यावर तिचा पंक बँड सराव करी; पंक म्हणजे न शिकता, कुणाला न विचारता, बेधडक वाजवलेले गाणे. बँडचे नाव 'नादुरुस्त'. एकदा बास गिटार वाजवणारा आला नाही, म्हणून भोंग्याने ती हिच्या गळ्यात अडकवली.

"अगं, मला यातलं ओ की ठो येत नाही!"

"मग आम्हाला कुठे येतं? येणाऱ्यांची वाट बघत बसलो तर म्हातारे होऊ. या तारेवर बोट ठेव, आणि मी ओरडले की दाब."

ती सहा कार्यक्रमांत वाजवायला गेली. पाच ठिकाणी चुकली, सहाव्या ठिकाणी वीज गेली. पण माळ्यावर बसून भोंगा जी पत्रके करी, ती तिच्या मनात कायमची राहिली: बोटे कुठे ठेवायची याची हाताने काढलेली चित्रे, शब्द वेडेवाकडे, प्रती काढून बसथांब्यांवर ठेवलेल्या. खाली नाव नसे. फक्त एक ओळ असे: 'विचारायचं कुणाला? सुरू करा.'

पुढे लग्न झाले, ही नोकरी लागली, मुलगी झाली. केस तिने कधीच भादरले नाहीत. पण घरातला नळ असो, मुलीच्या शाळेतला अन्याय असो, ती आधी बाह्या सरसावी आणि मग विचार करी. हे आपल्याला कुणी दिले, याचा तिला एक दिवसही विसर पडला नव्हता.

तीन वर्षांपूर्वी भोंगा सहा नंबर वॉर्डात दाखल झाली. पोटाचे दुखणे होते, हातात फार दिवस उरले नव्हते. सायकली दुरुस्त करून करून तिची बोटे काळी पडली होती. आवाज मात्र शाबूत होता. एक्स-रेला जायला तिने साफ नकार दिला.

"पन्नास माणसांच्या व्हरांड्यातून पाठ उघडी टाकून चालायचं? हा नियम ज्याने केला त्याला आधी चालवा!"

सिस्टरांनी हताश होऊन तळघरात फोन केला. वर गेल्यावर दोघींनी एकमेकींना ओळखले आणि इतक्या हसल्या, की शेजारच्या खाटेवरची बाईही हसू लागली. मग भोंगा म्हणाली, "तुझ्या हातात सुई आहे ना? मग माझ्याकडे काय बघतेस?" जेवणाच्या सुट्टीत तिने पहिली पट्टी लावली. दोरा कोणता घ्यायचा, हा प्रश्नच नव्हता. भोंगा व्हरांड्यातून ताठ मानेने चालत गेली. अकरा दिवसांनी ती गेली, त्याच गाऊनमध्ये. दुसरा गाऊन शिवायला मग कुणी सांगावे लागले नाही.

दुपारी नवऱ्याचा फोन आला. लिफ्ट दुरुस्तीच्या कामातून निवृत्त झाल्यापासून तो रोज याच वेळी, जेवलीस का, एवढे विचारायला फोन करी. तिने सगळे सांगितले.

"म्हणजे भोंगाबाई गेल्या तरी तुझ्या डोक्यात वाजतायत," तो म्हणाला. "मी तेव्हाही म्हणत होतो, पंक म्हणजे आपला हात जगन्नाथ, एवढंच ना? त्यासाठी डोकं कशाला भादरायचं?"

"तुम्ही नका भादरू. तुमचं देवानेच भादरलंय."

तो खळखळून हसला. मग जरा थांबून म्हणाला, "सही करणार आहेस?"

"चुकून झालं, असं त्यात लिहिलंय हो. दोनशे बारा वेळा कुणी चुकतं का? आणि चौकशी लागली तर तुम्हालाही ताप."

"माझं सोड. बत्तीस वर्षं अडकलेल्या लिफ्टमधून माणसं बाहेर काढली मी. आधी माणूस बाहेर, मग रजिस्टर. तुला जे लिहायचं ते लिही. संध्याकाळी चहा मी टाकतो."

तिने फोन ठेवला. मशीनच्या लोखंडावर तिचा तळहात होता आणि ते अजून कोमट होते.

मग तिने कोऱ्या कागदावर गाऊनची पाठ काढली. पट्टी किती रुंद, कुठून कुठवर, नाडी कुठे, टाका केवढा. माप इंचात न लिहिता वितीत आणि बोटांत लिहिले. टेप सगळ्यांकडे नसतो, हात असतो. मशीन नसेल तर हाताने कसे शिवायचे, तेही काढले. चित्र वेडेवाकडे आले, पण समजत होते. खाली नाव घातले नाही. तिथे तिने ती जुनी ओळ लिहिली.

सहा नंबरच्या सिस्टर गाठोडे न्यायला आल्या, तेव्हा तिने तो कागद पुढे केला. त्यांनी उभ्या उभ्या वाचला.

"मावशी, किती प्रती काढू?"

"जेवढे वॉर्ड आहेत तेवढ्या. आणि थोड्या वर. घरी जाणाऱ्यांनाही द्या. म्हाताऱ्या माणसांना घरीही लागतो असा."

"आणि हे उसवायचं म्हणतायत ते?"

"ज्याला उसवायचं त्याने उसवावं. शिवायला आता मी एकटी नाही."

जाताना सिस्टरांनी तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि काढायला थोडा उशीर केला.

पावणेपाचला तिने कात्रीखालचा कागद घेतला. 'नजरचुकीने' या शब्दावर तिने एक सरळ रेघ मारली. त्यावर 'विचारपूर्वक' असे लिहिले. 'उसवून पूर्ववत करते' याखाली लिहिले: 'मी उसवणार नाही.' आणि सही केली, आपल्या पूर्ण नावानिशी, प्रत्येक अक्षर सुटे.

मशीनवर दोनशे तेरावा गाऊन अर्धा पडला होता. तिने तो पुरा केला, टोकाला तीन उलटे टाके घेऊन दोरा तोडला. घडी घालून तो वॉर्डात जाणाऱ्या गठ्ठ्यात ठेवला. शिवणखोलीचा दिवा मालवून ती भांडारात गेली, तर भांडारप्रमुख जागेवर नव्हते. तिने तो कागद त्यांच्या पेनस्टँडला टेकवून उभा ठेवला, दारातून शिरताच दिसेल असा, आणि घरी चहाला निघाली.