गिधाडं उणे एक

कळवणच्या डोंगरातला तो कडा निवृत्तीतात्यांना तोंडपाठ होता. तीस वर्षं त्यांनी सायकलवरून टपाल वाटलं आणि जाता-येता कड्यावरची गिधाडं मोजली. पेन्शनीत गेल्यावर ते नाशिकच्या ‘पशुपक्षी गणना मंडळा’चे बिनपगारी मोजणीदार झाले. दर महिन्याला सायबर कॅफेत जाऊन मंडळाच्या वेबसाइटवर आकडा भरायचा, एवढंच काम. वर्षागणिक चाळीस, बावीस, नऊ, दोन. आणि २००५च्या मार्चमध्ये शून्य.

ते शून्य बघून तात्यांना रडू आलं. पण तोच आकडा त्यांना हवाही होता. दुखणाईत जनावरांना एक इंजेक्शन टोचतात, ते जनावर मेलं की त्याचं मांस खाऊन गिधाडं मरतात, हे ते चार वर्षं एका सरकारी साहेबांना सांगत होते. साहेबांचं उत्तर ठरलेलं. “एक जरी पक्षी शिल्लक असेल तर चौकशी लावता येत नाही. शून्य झालं की या.” असला नियम कोणत्या शहाण्याने केला, देव जाणे.

नेमकी त्याच महिन्यात वेबसाइट नवी झाली. मंडळाचे अध्यक्ष मल्हारीशेठ, इंदिरानगरातले फुलांचे व्यापारी. वेबसाइट करणाऱ्या आपल्या भाचीला, शुभांगीला, त्यांनी एकच अट घातली होती. कुठल्याही आकड्याच्या शेवटी शून्य नको, अशुभ दिसतं.

“आहेराच्या पाकिटात आपण शंभर घालतो का? एकशे एक घालतो ना? मग बिबट्यांनी काय पाप केलंय?”

शुभांगीने मुकाट्याने सोय केली. शेवटी शून्य आलं की वेबसाइट आपसूक एक वाढवायची. दहा बिबटे अकरा झाले, वीस मोर एकवीस झाले, कुणाचं काही बिघडलं नाही. तात्यांनी मात्र शून्य भरलं आणि पानावर झळकलं: गिधाडं १.

झालं! पेपरात बातमी आली. मल्हारीशेठनी फेटा बांधून कड्याखाली नारळ फोडला. मनमाडच्या एका गृहस्थांना तर ते गिधाड दिसलंसुद्धा, तेही दोनदा. खुद्द तात्या, सगळं खोटं आहे, हा शुभांगीच्या सोयीतला एक आहे, हे कळलं असूनही, आठ दिवस दुर्बीण लावून उन्हात बसले. वेडी आशा, दुसरं काय.

नवव्या दिवशी ते साहेबांकडे गेले.

“वेबसाइटवर एक आहे ना? मग आहे,” साहेब म्हणाले.

“अहो साहेब, ते गिधाड नाय, ते शुभ हाय!”

साहेबांनी चहा मागवला, स्वतःपुरता.

तात्यांनी बाहेरच्या बूथवरून शुभांगीला फोन लावला. ती बिचारी कावून म्हणाली, “मामा ऐकतच नाहीत हो तात्या. तुम्ही शून्य सोडून काहीही भरा.”

तात्या तडक कॅफेत गेले आणि रागाच्या भरात भरलं: उणे एक. वेबसाइटने ते निमूटपणे घेतलं, वर आभारही मानले.

तिसऱ्या दिवशी साहेबच दोन कारकुनांना घेऊन जीपने कड्याखाली हजर. “सरकारी दप्तरात उणे म्हणजे तूट,” ते घाम पुसत म्हणाले. “तुटीची चौकशी तीन दिवसांत करावीच लागते.”

एका कारकुनाने टेपने कड्याचा पायथा मोजला. दुसऱ्याने छापील फॉर्म काढला.

“गहाळ झालेल्याचं वय?”

“ठाऊक नाय.”

“कुणावर संशय?”

तात्यांनी इंजेक्शनचं नाव सांगितलं. कारकुनाने ते संशयिताच्या रकान्यात लिहिलं आणि मान वर न करता विचारलं, “वडिलांचं नाव?”

साहेबांनी त्याला हाताने थांबवलं. “तात्या, मला एक सांगा. शून्य काय नि उणे एक काय, पक्षी दोन्हीकडे नाहीच. मग फरक काय?”

तात्यांनी कड्याकडे बोट दाखवलं. “शून्य म्हंजे इथं कधी काय नव्हतंच, असंबी असंल साहेब. उणे एक म्हंजे होतं. म्या बघितलंय. आपण घालवलं.”

साहेबांनी कारकुनाच्या हातातला फॉर्म घेतला आणि ते वाक्य स्वतःच्या हाताने लिहिलं.