किसनरावांचं चुंबक

शिरवण्याजवळच्या कारखान्यात आलेला माल तपासणाऱ्या किसनरावांच्या खिशात सव्वीस वर्षं एकच चुंबक होतं. स्टेनलेस स्टील आलं की ते लावायचं. चिकटलं तर माल नकली, नाही चिकटलं तर अस्सल. पुढे अपील नाही.

हाच न्याय त्यांनी घरीही केला होता. अकरा वर्षांपूर्वी सीवूड्सच्या नव्या फ्लॅटच्या गृहप्रवेशाला धाकटी बहीण जाईबाई हौसेने स्टीलचा हंडा घेऊन आली. किसनरावांनी पन्नास पाहुण्यांसमोर चुंबक लावलं. ते चिकटलं. "दुकानदारानं फसवलं तुला," असं म्हणून ते पुढच्या पाहुण्याकडे वळले. जाईबाई न जेवता निघून गेली, ती पुन्हा आलीच नाही. बायकोने हंड्यात माती भरून कढीपत्ता लावला. बहिणीची आठवण आली की किसनराव त्याला पाणी घालत. झाड चांगलंच फोफावलं होतं.

गेल्या महिन्यात कारखान्यात सायलेन्सरच्या पाइपांसाठी नवे पत्रे आले. चुंबक चिकटलं. किसनराव ट्रक गेटवरूनच परत पाठवत होते, तेवढ्यात नवी इंजिनिअर संघमित्रा धावत आली.

"काका, हे चिकटणारच! यात क्रोमियम आहे, थोडा नायोबियम नावाचा धातू. इंजिनाजवळ कितीही तापलं तरी टिकतं."

"चिकटतं ते स्टेनलेस नाय, मॅडम."

"मग भट्टीलाच विचारू."

तिने भट्टीत दोन पट्ट्या टांगल्या, एक किसनरावांच्या पसंतीची आणि एक नवी. तापवायच्या, गार करायच्या, पुन्हा तापवायच्या. आठवड्याभरात अस्सल पट्टीच्या खपल्या पडायला लागल्या. नकली नुसती काळवंडली. किसनरावांनी दोन्ही उलटसुलट करून पाहिल्या आणि त्यांना घरचा हंडा आठवला.

"मॅडम, भांड्यांचं पन असंच असतं का?"

"भांड्यांत नायोबियम नसतं, काका. पण चिकटणारं स्टेनलेस असतं की. गंज आलाय का ते बघा."

त्या संध्याकाळी त्यांनी कढीपत्ता बादलीत हलवला आणि हंडा घासला. अकरा वर्षं ओल्या मातीत राहूनही गंजाचा ठिपका नव्हता. किसनरावांना स्वतःची भयंकर लाज वाटली. हंडा काखेत मारून ते बेलापूरला बहिणीच्या दारात उभे राहिले.

"जाई, हंडा चांगला हाय. चूक माझी."

"तवा पन्नास मानसं होती," जाईबाई म्हणाली आणि तिने दार लावून घेतलं.

किसनरावांनी रविवारी जेवण ठेवलं. गृहप्रवेशाच्या जुन्या यादीतले तिघे वारले होते, त्यांची मुलं बोलावून पन्नास भरले. जाईबाई शेवटी आली आणि उंबऱ्याबाहेरच थांबली. किसनरावांनी सगळ्यांसमोर हंड्याला चुंबक लावलं. ते चिकटलं.

"हंडा अस्सल हाय," ते म्हणाले. "मलाच अक्कल नव्हती."

जाईबाईने चप्पल काढली, आत आली आणि पाट ओढून बसली.

"वाढ आता, दादा. त्या दिवशी उपाशी गेलेली मी."