कपाटातला गेज

प्रत्येक कचेरीत एक कपाट असतं. त्यात तिथली सगळ्यात चांगली वस्तू ठेवलेली असते आणि ती कुणीही वापरायची नसते. तुमच्या कचेरीतही असेल, उगाच नाही म्हणू नका!

माजलगाव रस्त्यावर हापशांचे सुटे भाग बनवणारी एक सहकारी संस्था होती. चेअरमन भगवानराव. माणूस सरळ, संस्थेसाठी जीव टाकणारा. त्यांच्या खोलीतल्या लोखंडी कपाटात लाल मखमलीच्या डबीत एक थ्रेड गेज होता. वीतभर लांबीचा, दोन्ही टोकांना आटे असलेला. नटाचे आटे बरोबर पडलेत की नाही ते त्यावर कळतं. एक टोक नटात सहज आरपार फिरत गेलं पाहिजे आणि दुसरं टोक एक-दोन फेऱ्यांतच अडलं पाहिजे. इतका सोपा न्याय! पण वस्तू महागाची. तिचं प्रमाणपत्र चौकट करून भिंतीवर लावलेलं. पाहुणे आले की डबी उघडायची, पाहुण्यांनी "वा!" म्हणायचं, डबी बंद. दसऱ्याला तेवढी तिची पूजा व्हायची, हळदकुंकू, झेंडूचं फूल, सगळं साग्रसंगीत. किल्ली भगवानरावांच्या करदोट्याला.

मग तपासणी कशावर व्हायची? जुन्या रॉडच्या एका तुकड्यावर. त्याला सगळे 'नमुना' म्हणत.

त्या वर्षी दुष्काळ पडला. धरण तळाला गेलं, विहिरी आटल्या, आणि जिल्ह्यातले बंद पडलेले हापसे दुरुस्त करायचा हुकूम निघाला. संस्थेला चारशे कपलरची मागणी आली. हापशाच्या बोअरमध्ये लोखंडी रॉड एकाखाली एक लोंबकळत असतात. दोन रॉडांना जोडणारा लांबट नट म्हणजे कपलर. त्याचे आटे ढिले निघाले तर रॉड सुटून बोअरमध्ये पडतात आणि ते काढेपर्यंत गाव टँकरची वाट बघत बसतं.

तपासणीच्या टेबलावर वच्छलाबाई बसायच्या. नवरा वारल्यावर चाळिशीत आयटीआयचा छोटा अभ्यासक्रम करून त्या इथे लागल्या होत्या. बाई बोलायला कमी, बघायला जास्त. चारशे कपलर तयार झाले, टेम्पो दारात उभा राहिला आणि त्यांनी तपासणीच्या कागदावर सही करायचं नाकारलं.

भगवानराव तडक टेबलापाशी आले. "आता काय झालं, बाई?"

"साहेब, नमुना लई सैल जातोय."

"तो नेहमीच सैल जातो."

"तेच तर! नमुनाच झिजलाय. दहा वर्षं फिरवलाय त्याला. चांगल्या नटात बी सैल, वाईटात बी सैल. मग वाईट कोणता ते कळावं कसं? कपाटातला गेज द्या."

भगवानरावांचा आवाज चढला. "तो वापरला तर झिजंल! अन् टाइम हाय का? तिकडं लोक घागरी घिऊन बसलेत. तुमाला गेज सुचतोय!"

"त्यात माझी आई बी बसलीय, साहेब." वच्छलाबाईंचा आवाज मात्र चढला नाही. "आमच्या वस्तीवर सत्तर घरं, एकच हापसा. सकाळी कचरू मिस्त्री ह्याच मालातले बारा कपलर घिऊन तो दुरुस्त करायला गेलाय."

भगवानराव म्हणाले, "धोंडीरामनं पाडलेत आटे. तीस वर्षांचा हात हाय त्याचा. त्याच्यावर इश्वास न्हाई?"

धोंडीराम टर्नर लेथजवळ हात पुसत उभा होता. त्याने मान खाली घातली.

"काकांच्या हातावर हाय," वच्छलाबाई म्हणाल्या. "पण आटे टॅपनं पडत्यात. जुना टॅप मोडला अन् हा नवा घाईघाईत आणला. साहेब, एक सांगू? माझ्या बाबांनी घरात एक ग्रंथ आणला. आई त्याला फुलं वाहून फडक्यात बांधून ठिवायची. बाबा म्हणायचे, अगं, फुलं नंतर वाहा, आधी फडकं सोडून वाच. न वाचता हात जोडलेस तर त्याचा काय मान राहिला? तसंच हाय हे. गेजला कुंकू लावलं म्हणून नटाचे आटे सुधारत न्हाईत."

एका विधवा बाईने चेअरमनला हे सगळ्यांसमोर सुनवावं, हे काहींना रुचलंही नसेल. तेवढ्यात धोंडीराम पुढे आला.

"काढा साहेब गेज," तो म्हणाला. "चूक निघाली तर माझी निघंल. पण माझ्या हाताला काय कळतंय अन् काय न्हाई, ते मला बी बघायचंय."

ज्याची अब्रू पणाला लागणार, तोच माणूस तपासणी मागत होता! भगवानरावांनी मुकाट्याने किल्ली सोडली.

डबी उघडली तर काय! गेजच्या आट्यांत सहा दसऱ्यांचं हळदकुंकू तेलात भिजून घट्ट बसलेलं. वच्छलाबाईंनी रॉकेल आणि दात घासायचा जुना ब्रश घेऊन तो लख्ख केला, कपड्याने पुसला. मग एक कपलर उचलला.

पहिलं टोक झरझर आत गेलं. "बघा!" भगवानराव म्हणाले.

वच्छलाबाईंनी गेज उलटा केला. दुसरं टोक लावलं. एक फेरी, दोन फेऱ्या, तीन... तेही सरळ आरपार गेलं.

दुसरा कपलर घेतला, तसाच. दहावा घेतला, तसाच! धोंडीरामने पळत जाऊन नवा टॅप, म्हणजे नटात फिरवून आटे पाडायचं हत्यार, आणला आणि उजेडात धरून त्याच्यावरची बारीक अक्षरं वाचली. जस्ताचा जाड थर दिलेल्या बोल्टांसाठी मुद्दाम जाड केलेला टॅप होता तो, साध्या रॉडसाठी त्याचे आटे ढिलेच पडणार. दुकानात तेवढाच शिल्लक होता, दिसायला सारखाच, म्हणून उचलून आणला होता.

"कचरूला फोन लावा!" भगवानराव ओरडले.

फोन वच्छलाबाईंनीच लावला. घंटी वाजत राहिली. त्यांच्या डोळ्यांपुढे आई, दगडाबाई, रिकाम्या घागरीजवळ बसलेली दिसत होती. शेवटी पलीकडून आवाज आला.

"बोला ताई."

"कचरूभाऊ, रॉड खाली सोडले का?"

"कुठलं सोडताव! सकाळपासून जुने रॉड वर काढता काढता कंबर मोडली. आत्ता कुठं चहाला बसलोत. कावून, काय झालं?"

"चहा पितोय!" वच्छलाबाईंनी फोन बाजूला धरून सगळ्यांना सांगितलं. सगळ्या शेडमध्ये एकदम हसू फुटलं. धोंडीरामने डोळे पुसले. भगवानरावांनी फोन हातात घेतला. "कचरू, आपला एक बी कपलर लावू नको. आणि माझ्या नावानं आणखी एक कप घे बाबा!"

टेम्पो रिकामाच परत गेला. जास्त कापलं गेलेलं लोखंड परत भरून येत नाही, म्हणून कचरूकडचे बारा धरून चारशेच्या चारशे कपलर भंगारात गेले. भगवानरावांनी ते स्वतःच्या हाताने टाकले. जुन्या मालातले सव्वीस कपलर कोपऱ्यात पडून होते. ते गेजवर तपासले. चोवीस पास झाले. त्यातले बारा धोंडीराम मोटरसायकलवर घेऊन स्वतः वस्तीवर गेला.

ऊन उतरायच्या वेळी दगडाबाईंचा फोन आला. मागे घागरींचा आणि बायांच्या भांडणाचा कालवा. "पाणी आलं गं वच्छे! गोड हाय!" फोन ठेवल्यावर वच्छलाबाई कितीतरी वेळ नुसत्याच हसत होत्या.

दुसऱ्या दिवशी जालन्याहून योग्य टॅप आला आणि आठवड्यात चारशे कपलर नव्याने गेले, प्रत्येक नग दोन्ही टोकांनी तपासून. दुष्काळात आठवड्याचा उशीर परवडणारा होता का? नव्हता. पण रॉड बोअरमध्ये पडून हापसे बंद झाले असते, त्यापुढे आठवडा काहीच नव्हता, हे आता भगवानराव स्वतःच येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतात.

बंधुभगिनींनो, आपल्या शाळेत पुस्तकांचं कपाट कुलपात असतं. दवाखान्यातलं यंत्र धूळ बसू नये म्हणून चादरीखाली असतं. ग्रामपंचायतीत नियमांचं पुस्तक असतं, तेही कोरं करकरीत. आपण या वस्तूंचा मान राखतो, असं आपल्याला वाटतं. खरं तर आपण त्यांना घाबरतो, कारण त्या आपली चूक दाखवतात. चूक दाखवणारी वस्तू आणि चूक दाखवणारं माणूस, दोन्ही हाताशी पाहिजेत, कुलपात नव्हे!

पुढच्या दसऱ्याला भगवानराव हळदकुंकवाचं ताट घेऊन तपासणीच्या टेबलापाशी आले. गेज वच्छलाबाईंच्या हातात फिरत होता. भगवानरावांनी कुंकवाचं बोट रिकाम्या डबीला लावलं.

"साहेब," वच्छलाबाई म्हणाल्या, "रोज वापरतोय. झिजंल एक दिवस."

"झिजू द्या," भगवानराव म्हणाले. "नवा आणू."