चतुराबाईची चिठ्ठी

पाळकसाहेबांनी कोरी चिठ्ठी चतुराबाईच्या हातात ठेवली आणि ते पुढच्या बाईकडे वळले. चर्चमध्ये शुभ शुक्रवारची, गुड फ्रायडेची, दुपारची उपासना चालली होती. समोर भिंतीला लाकडी वधस्तंभ टेकवलेला, शेजारी हातोडा आणि खिळ्यांचा डबा.

"मनावरचं ओझं लिहा अन् आपल्या हातानं खिळून टाका," पाळकसाहेब म्हणाले. "कुणी वाचणार न्हाई. मागून समदं जाळून टाकू."

वाचणार नाही हो कुणी, पण लिहिणार कोण? चतुराबाईचा जन्म अंगठ्यावरच गेलेला. वर्षाराणीची, तिच्या सुनेची, चिठ्ठी खिळून झाली होती. तिनं पेन उघडलं.

"सांगा आत्याबाई, मी लिहिते."

साऱ्या मंडळीत हीच एक बाई होती, जिला ते सांगायचं नव्हतं.

आठ वर्षांपूर्वी पोस्टमन पाकीट देऊन गेला होता. लातूरच्या नर्सिंगच्या शाळेत सुनेचा नंबर लागलाय, पंधरा दिवसांत हजर व्हायचंय, असं त्यानंच पाकीट फोडून, वाचून सांगितलं. सून गेली की मागोमाग लेकही जाणार आणि आपण म्हातारपणी भिंतींशी बोलत बसणार, एवढंच चतुराबाईला सुचलं. पाकीट चुलीत गेलं. वर्षाराणीनं महिनाभर वाट पाहिली आणि नंबर लागलाच नाही असं समजून ती गप्प बसली. तेव्हापासून ती धर्माबादच्या गोदामात मिरच्यांचे देठ खुडते. संध्याकाळी हातांची आग झाली की सासू तेल लावून देते. तुमच्यावानी सासू मिळायची न्हाई, असं सून चारचौघींत सांगते.

झाकली मूठ सव्वा लाखाची. गुडघे दुखतात म्हणून सांगावं, झालं. पण खोटं ओझं त्या लाकडावर ठोकायचं? त्याचीही तिला भीतीच वाटली. आणि खरं ऐकून ही लेकाला घेऊन निघून गेली तर?

"लिही," ती कशीबशी म्हणाली. "तुझा लातूरचा कागद आला व्हता. म्या चुलीत घातला."

पेन थांबलं. वर्षाराणीनं वर पाहिलं नाही. पुढं कुणीतरी खिळा ठोकत होतं. चतुराबाईनं पदराचं टोक दातात धरलं.

बऱ्याच वेळानं पेन हललं. वर्षाराणीनं चिठ्ठीची घडी करून सासूच्या मुठीत दिली.

"जावा. खिळून या."

चतुराबाईनं दोनदा हातोडा बोटावर मारून घेतला. मागं वळायचा तिला धीर होईना. वळली, तर सून पाळकसाहेबांसमोर उभी.

"आणखी एक चिठ्ठी द्या."

"ताई, तुमची तर झाली न्हवं?"

"हाव. हे आत्ताच आलंय."

ती जागेवर येऊन बसली, मांडीवर कागद धरून लिहू लागली. चतुराबाई दाराकडं निघाली तशी तिनं मान न उचलता सासूचं लुगडं धरलं.

"बसा आत्याबाई. हे टाकल्याबिगर मला तुमच्यासंगं घरी येता येणार न्हाई."

चतुराबाई बसली. कागदाची एक बाजू भरली, तेव्हा वर्षाराणीनं तो उलटा केला.