अर्जातले खिळे

मित्रांनो, मी एक जुना खिळा आहे. भिंतीत ठोकतात तो नव्हे. मी छापखान्यातला, शिशाचा, डोक्यावर उलटे अक्षर असलेला खिळा. माझे अक्षर आहे ळ. कोणत्याही शब्दाची सुरुवात माझ्यापासून होत नाही, नेहमी कुणाच्या तरी मागे उभे राहावे लागते. त्यामुळेच मी स्वभावाने भित्रा झालो, असे माझे मत आहे.

माझा जन्म आठवला की अजून अंगावर काटा येतो. वितळलेले शिसे साच्यात पडले, चटका बसला आणि मी झालो. तेव्हापासून मला एकाच गोष्टीची भीती, ती म्हणजे भट्टी. पुढे मी एका छोट्या छापखान्यात आलो. तिथल्या जुळाऱ्याने, म्हणजे आम्हाला एकेक करून ओळीत बसवणाऱ्या कारागिराने, मला हजारो वेळा उचलले असेल. नाटकमंडळींची पत्रके, गाण्याच्या कार्यक्रमांच्या पत्रिका, कवींची पातळ पुस्तके, सगळीकडे मी होतो. मग संगणक आले आणि छापखाना बंद पडला. आमची रवानगी भट्टीतच व्हायची होती. तेवढ्यात विद्यापीठाच्या कला विभागातल्या एक बाई आल्या. त्यांनी आम्हाला नेलेच, वर जुळाऱ्यालाही नेले. "नुसते खिळे नेऊन काय करू? त्यांना बोलतं करणारा माणूस हवा," असे त्या म्हणाल्या.

विद्यापीठात आमच्या आयुष्याचे सोने झाले. जुळारी तिथे सगळ्यांचे काका झाले. गावोगावच्या बाहुलीवाल्यांची, नाटकवाल्यांची भित्तिपत्रके विद्यार्थी आमच्याकडून छापून देत. पाहुणे येत, तोंडभर कौतुक करत. बाई निवृत्त झाल्या आणि आमच्या खोलीकडे कुणी फिरकेनासे झाले. काका तेवढे रोज येऊन धूळ पुसत.

काकांच्या टेबलाचे खिळे, हे मात्र ठोकायचे, वर आले होते. त्यांत अडकून काकांचा सदरा दोनदा फाटला. वैतागून त्यांनी भांडार विभागाला अर्ज लिहिला: 'खोलीतील जुने खिळे त्रासदायक झाले आहेत. ते लवकरात लवकर काढून न्यावेत.' खाली सही. जन्मभर अक्षरे जुळवणाऱ्या माणसाला त्या वाक्यात काहीच खटकले नाही, कारण त्याच्या लेखी आम्ही जुने नव्हतोच.

चार दिवसांनी काका जेवायला गेले असताना हमाल आले. खण उपसून त्यांनी आम्हाला गोण्यांत ओतले. अंधारात क कुठे, म कुठे, काही कळेना. मी ओरडलो असतो, पण मला एकट्याला शब्द होता येत नाही. टेम्पो थांबला तेव्हा गोणीच्या भोकातून मला ज्वाळा दिसल्या. भंगारवाल्याची भट्टी होती. पहिली गोणी आत गेली. शिसे आत पडताना किंचाळत नाही, मित्रांनो. ते नुसते खाली बसते. दुसरी गोणी आमची होती.

हमालाचे हात गोणीला लागले आणि फाटकातून काका धापा टाकत आत आले. रिकामे खण पाहून ते तडक भांडारात गेले होते. त्यांच्या मागोमाग भांडारपाल आला, हातात तोच अर्ज.

"काका, सही तुमचीच आहे ना?"

"सही माझी आहे," काका म्हणाले. "पण हे ते खिळे नव्हेत."

भांडारपालाने अर्ज पुन्हा वाचला. मग गोणीत हात घालून एक खिळा डोळ्यांजवळ धरला. इतक्या वर्षांत तो बिचारा आमच्या खोलीत कधी आलाच नव्हता. तो हळूच परत ठेवून त्याने उरलेल्या गोण्या टेम्पोत चढवायला सांगितल्या.

आम्ही परत आलो खरे, पण पहिल्या गोणीत सगळे काने होते. अक्षरापुढची ती साधी उभी रेघ, पण तिच्यावाचून 'काका' जुळवायला गेले की 'कक' व्हायचे. कुलगुरूंनी कळवले की अपुऱ्या अक्षरांसाठी खोली अडवून ठेवता येणार नाही, आठ दिवसांत काही छापून दाखवा. त्या आठ दिवसांत मी जसा भ्यालो तसा भट्टीपुढेही भ्यालो नव्हतो. कारण आता काकांनी धूळ पुसणेही सोडले होते.

सातव्या दिवशी भांडारपाल स्वतः आला. सुतारशाळेत बसून त्याने लाकडी पट्टीचे काने कापून आणले होते. काकांनी ते तासून तासून आमच्या उंचीला आणले. वेडेवाकडेच होते, पण उभे राहिले.

"काय जुळवू, काका?" त्याने विचारले.

"आत्ता मनात आहे ते."

त्याने क घेतला, त्याला लाकडी काना लावला. मग मला उचलले आणि शेवटी ज घेऊन त्याला दुसरी वेलांटी दिली. कागदावर उमटले: काळजी.

तो कागद कुलगुरूंकडे गेला आणि खोली वर्षभरासाठी राहिली. पुढचे कुणी काही सांगितलेले नाही. दार वाजले की मी अजून दचकतो. मित्रांनो, त्या शब्दाचे दोन्ही अर्थ तुम्हाला ठाऊक आहेत. काळजी करायची, ती मी करीनच. घ्यायची तेवढी तुम्ही घ्या.