तिसरी क्लचप्लेट

देवाजीला सुनेकडून काय मिळणार होतं, ते आधी मांडू. जंगलाच्या गेटवर सफारीची जिप्सी चालवणारी पहिली बाई त्याच्या घरची. म्हणजे पर्यटकांच्या फोटोत त्याचा अर्धा खांदा, आणि आयुष्यभर गाड्या हाकलेल्या म्हाताऱ्याला लोकांनी पुन्हा 'उस्ताद' म्हणणं. मुलगा विक्की याला, सफारीची फेरी सुटल्यानं, मिळणार होती पहाटेची झोप. सून करिष्मा हिला एकच गोष्ट हवी होती, स्टिअरिंग. ते हाती आल्यापासून 'विक्कीची बायको' गेटवर स्वतःच्या नावानं ओळखली जाऊ लागली होती.

पण त्या जुन्या जिप्सीनं एकाच हंगामात दोन क्लचप्लेटा खाल्ल्या. एक प्लेट तीन-चार हंगाम आरामात चालते. गेटवरच्या पंडितांना निदानाला वेळ लागला नाही.

"बाईचा पाय हाये, भाऊ. वाघ दिसला का क्लचवरच उभी राह्यते!"

विक्कीही हसला. गेटवरच्या गाड्यांचा कारभार पाहणाऱ्या समितीनं बजावलं, आता एकदा जरी गाडी जंगलात थांबली तर ड्रायव्हर बदलायचा.

करिष्मानं चपला सोडल्या. गिअर पडला की डावा पाय उचलून बाजूला ठेवायची, जणू तोच चोर. तरी चढावर इंजिन ओरडायचं, गाडी सरकायची नाही, जळका वास नाकात भरायचा. शेवटी तिचाच स्वतःच्या पायावरचा भरवसा उडाला. तिसरी प्लेट नाल्याच्या चढावर गेली. मागं घाबरलेले पर्यटक, पुढं अस्वल. दुसऱ्या जिप्सीनं ओढून बाहेर काढलं.

चंद्रपुरात शफी मिस्त्रीनं गिअरबॉक्स उतरवला. सासरा स्टुलावर, करिष्मा उभीच.

"शफीभाई, माह्या पायानंच जळली असंन तं तसं सांगा. मी चावी देऊन टाकीन."

"थांब बेटी."

प्लेटवर तेल नव्हतं, म्हणजे गळती नाही. प्लेट जिच्यावर घासते ती चकती, फ्लायव्हील, साफ होती. मग शफी क्लचच्या तारेपाशी वाकला.

"मी दरवेळी पेडलले बोटभर ढील ठेवून पाठवली. इथी तं तार ताणून ठेवली! नटावर पान्याचे ताजे ओरखडे. असा क्लच पाय न लावता बी थोडा दाबलेलाच राह्यते. जळन नाई तं काय? घरी कोण कसते?"

देवाजीनं तोंडातला तंबाखू-सुपारीचा खर्रा या गालातून त्या गालात नेला. "तुहा पाय पोचत नव्हता ना, पोरी. म्हनलं, तार कसली तं थोडं दाबूनच भागन."

"मामाजी, मी तं पाठीमागं उशी मांगतली होती!"

"उशी गेटवर दिसली असती. लोक हसले असते."

समितीपुढं करिष्मानं तारेची सगळी गोष्ट सांगितली. कुणी ऐकेना. "मामाजीले विचारा ना," ती म्हणाली तेव्हा तिचा आवाज फाटला होता. सगळ्यांनी देवाजीकडे पाहिलं. देवाजी खर्रा थुंकायला बाहेर गेला, तो बैठक उठेपर्यंत थुंकतच होता.

चावी विक्कीकडे गेली. त्याचे पाय लांब, त्यामुळे शफीनं ठेवलेली ढील कुणी छेडली नाही. नवी प्लेट उन्हाळाभर टिकली आणि गेटला पुरावा मिळाला: बघा, बाईचाच पाय होता.

एकूण जमाखर्च असा. देवाजीची उस्तादी शाबूत. समितीचा निकाल खरा ठरला. विक्कीची झोप गेली, पण गाडी आली. करिष्मा आता पहाटे उठून त्याचा डबा भरते. बाकी सगळ्यांच्या खात्यातलं नुकसानही तिनंच भरलं.