गल्लीत शिरलेल्या सायकली

मी माणसं पाठीवरून ओळखते. याला कारण ताईची सायकल.

तरुणपणी आम्ही दोघी बहिणी मोज्यांच्या कारखान्यात कामाला होतो, आणि सायकल दोघींत एकच. ताई पुढे पायडल मारायची, मी मागे कॅरियरवर दोघींचे डबे मांडीवर घेऊन बसायची. जाताना चढ लागायचा. चढावर ताई स्वतःलाच दटावायची, "मान वर! खाली काय ठेवलंय?" तिचा चेहरा मला कधी दिसायचा नाही. दिसायची ती पाठ. दमली की तिचा डावा खांदा थोडा उतरायचा, मग मी मुकाट खाली उडी मारून चालू लागायची. इतकी वर्षं ती पाठ बघितली की डोळ्यांना तेच वळण लागलं. समोरून येणारं माणूस तोंड उघडेपर्यंत मला उमगत नाही. तेच पुढे निघून गेलं की लख्ख कळतं, अरे, हा तर आपला घड्याळवाला!

त्या सकाळच्या घोळाचं मूळ यातच आहे.

ताईची नात भिंगरी आमच्याच घरात वाढली. तिचे आईबाप नोकरीपायी सतत गावोगावी. पोरगी आम्हा दोघींच्या अंगावर. तिने आम्हाला कधी आजी म्हटलं नाही. ताई 'मोठी' आणि मी 'धाकटी'. आमची गल्ली पुढे साबणाच्या बंद कारखान्याच्या भिंतीला जाऊन संपते, म्हणून तिथे वाहनं शिरत नाहीत. त्याच गल्लीत ताईने तिला सायकल शिकवली, पदर खोचून, मागे धावत, आणि तेच ओरडत, "मान वर!"

दरवर्षी एक सायकलफेरी निघते. दिवसचे दिवस सायकली मारत माणसं देशाच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला जातात, आणि ओळखीपाळखीच्यांकडून मदत गोळा करतात, ज्यांचे पाय गेले त्यांना नवे पाय बसवून देण्यासाठी. भिंगरी त्यात उतरली त्याच वर्षी साखरेच्या आजाराने ताईचा पाय गुडघ्याखाली कापावा लागला. फेरी आमच्या गल्लीच्या तोंडावरून जाते. भिंगरी घोटभर पाणी प्यायला म्हणून घरी वळली, वर आली, ताईच्या पांघरुणाचा तो सपाट भाग बघितला आणि खाटेच्या कडेला बसली ती बसलीच. फेरी पुढे निघून गेली. संध्याकाळी तिने सायकल जिन्याखाली उभी केली, बसने आपल्या नोकरीच्या गावी परत गेली आणि पुढे कित्येक महिने सायकलीचं नावही काढलं नाही.

ताई तिला एका शब्दाने बोलली नाही. मला मात्र उठताबसता ऐकवायची, "माझ्या खाटेनं पोरीचं चाक अडवलं गं."

म्हणून पुढच्या वर्षी भिंगरीने पुन्हा नाव दिलं तेव्हा ताईच्या तोंडावर तेज आलं. पण पोरीने फोनवर आधीच बजावलं, "मोठी, या वेळी मी गल्लीकडे बघणारसुद्धा नाही हं. एकदा पाय टेकला की माझं संपतं."

"नको बघूस," ताई म्हणाली. "मी बघेन तुला."

हे बोलायला सोपं. ताईची खाट वरच्या खोलीत खिडकीला लागून. खिडकीतून गल्ली पूर्ण दिसते, पण हमरस्ता दिसतो तो गल्लीच्या तोंडाशी, दाराएवढा. एवढ्या फटीतून सायकल जाणार म्हणजे डोळा मिटून उघडेपर्यंत गेलीसुद्धा. त्यात ताईची नजर अधू. मग आमचं ठरलं की मी तोंडाशी उभं राहायचं आणि भिंगरी आली की खिडकीकडे बघून काहीतरी हलवायचं. काहीतरी म्हणजे काय, यावर दोन दिवस वाद झाला. शेवटी स्वयंपाकघराचा जुना नारिंगी पडदा निघाला. ताई म्हणाली, "हा आंधळ्यालाही दिसेल."

सकाळी मी पडदा खांद्यावर टाकून नाक्यावर गेले. घड्याळवाल्याने दुकानाबाहेर माझ्यासाठी स्टूल आणून ठेवलं होतं. तो मला मावशी म्हणतो, मी त्याच्या बापाच्या वेळेपासून तिथून घड्याळं दुरुस्त करून घेत आले आहे.

"मावशी, धुणं वाळत घालायला आलात की काय?"

"तू तुझे काटे सांभाळ," मी म्हटलं.

आणि सायकली यायला लागल्या. माझी पाचावर धारण बसली. सगळ्यांच्या अंगात तोच पिवळा सदरा, डोक्यावर तशीच टोपी, डोळ्यांवर काळे गॉगल. बाई कोण, बाप्या कोण, तेही कळेना. मधमाश्यांतून आपली माशी शोधावी तसं झालं.

"ही का?" घड्याळवाला विचारी.

"नाही रे, हिला मिशा आहेत."

नुसतं बघत उभं राहणं बरं दिसेना, म्हणून मी ओरडायला सुरुवात केली. पण परक्या माणसाला काय ओरडायचं? आधी "शाब्बास!" म्हटलं. मग वाटलं, हे शाळेतल्या बाईंसारखं होतंय. मग "जपून जा" म्हटलं, तर एकजण खरंच घाबरून ब्रेक लावायला गेला. शेवटी तोंडातून ताईचंच निघालं, "मान वर! खाली काय ठेवलंय?" आणि काय आश्चर्य, खाली घातलेल्या माना पटापट वर यायला लागल्या! कुणी हसलं, कुणी हात केला. एका घामाघूम गृहस्थांनी जाता जाता माझ्या खांद्यावरचा पडदा ओढून तोंड पुसलं आणि "धन्यवाद, आजी" म्हणून परत माझ्याच अंगावर टाकला.

"पुढच्या वर्षी साबणही ठेवा," घड्याळवाला म्हणाला.

मी त्याला काहीतरी सुनावणार, एवढ्यात एक सायकल एकटीच सर्रकन समोरून गेली. मी सवयीने "मान वर" म्हटलं, आणि मग मला पाठ दिसली. डावा खांदा उतरलेला. ताईचा खांदा, चाळीस-पन्नास वर्षांनी तरुण होऊन माझ्यासमोरून चाललेला.

"अरे, ही! हीच आपली!"

"कुठली?"

"गेली ती!"

मग काय झालं ते मी आजही नीट लावू शकत नाही. मी गर्रकन गल्लीकडे वळले आणि पडदा दोन्ही हातांनी डोक्यावर धरून खिडकीच्या दिशेने जिवाच्या आकांताने हलवायला लागले. "ताई! ताई! बघ!" पण ताईला बघायला आता काय उरलं होतं? भिंगरी तर फटीतून निघूनही गेली होती. म्हणून मी आणखी जोराने हलवत राहिले, जसं काही पडदा हलवल्याने ती मागे येणार होती.

तेवढ्यात माझ्या कोपराला वारा लागला. एक सायकल गल्लीत वळली. मागोमाग दुसरी. मग एकदम दहा-बारा.

"अहो! अहो, इकडे कुठे?"

कुणी ऐकेना. सगळे मला हात करून, "थँक्यू" म्हणून आत. मला वाटलं, यांना आमच्या गल्लीत कुणाकडे जायचं असेल. पण इतक्या जणांना? कुणाकडे?

"मावशी!" घड्याळवाला धावत आला. "पडदा खाली करा! त्यांच्या वळणावरच्या माणसांकडे नारिंगी निशाणं असतात! तुम्ही रस्ता दाखवताय असं वाटतंय त्यांना!"

मी पडदा घाईने मागे लपवला. त्यासरशी पुढचे चारजण गोंधळून रस्त्यातच थांबले आणि विचारायला लागले, "आजी, आत की सरळ?" आणि त्या क्षणाला मला खरोखरच आठवेना. आत माझं घर. सरळ काय आहे? जन्म गेला या नाक्यावर, पण इतक्या लोकांनी एकदम विचारलं की आपलंच आपल्याला खरं वाटत नाही.

गल्लीत तर दाणादाण उडाली होती. पुढचे भिंतीला जाऊन थटलेले, मागचे त्यांच्यावर आलेले. त्यांच्या बुटांना खाली कसल्याशा पट्ट्या. सगळी गल्ली टकटक वाजत होती. आणि वर खिडकीतून ताई, कंबरेपर्यंत बाहेर वाकून:

"अहो, भिंत आहे ती! ढकलून काय होणार?"

"आजी, रस्ता कुठे आहे?"

"होता तिथेच आहे! आलात तसे मागे फिरा. अहो पिवळे, तुम्ही!"

"आम्ही सगळेच पिवळे आहोत, आजी!"

"मग सगळेच फिरा!"

हसू आणि शिव्या एकत्र चालल्या होत्या. मी तोंडाशी उभी राहून एकेकाला बाहेर काढत होते. पडदा कंबरेला बांधून टाकला होता, पुन्हा कुणी काही समजायला नको. तेवढ्यात हमरस्त्यावर उलट्या दिशेने, म्हणजे जिकडे सगळे जायचे तिकडून, एक सायकल हळूहळू येताना दिसली. आता ही कुणाची भर? मी हात आडवे केले.

"इकडे नाही, बाई! तिकडे! वळा!"

"अगं धाकटी, मी आहे."

गॉगल वर झाला. भिंगरी! रस्त्यात दोन्ही पाय पायडलवरच ठेवून, घड्याळवाल्याच्या खांबाला एका हाताने धरून उभी. चेहरा पार भांबावलेला.

"पुढचे कधीच दिसेनासे झाले, आणि मागे वळून बघितलं तर कुणीच नाही. किती वेळ वाट बघितली. मला वाटलं, मीच रस्ता चुकले. मी चुकले का गं?"

"तू नाही चुकलीस," मी म्हटलं. "तुझ्या मागचे सगळे चुकलेत."

तिने गल्लीत बघितलं. बघणार नाही म्हणाली होती, पण आता न बघून कसं चालणार? अर्धी फेरीच तिथे होती. भिंतीपाशी पिवळे सदरे आणि वर खिडकीत पांढरं डोकं. भिंगरीने खांब सोडला. बाहेर पडणाऱ्या सायकलींच्या उलट, वाट काढत ती गल्लीत शिरली. मी मागोमाग धावले. पायडल मारणाऱ्याच्या मागे धावायची माझी ही पहिलीच वेळ; एरवी मी बसलेली, फार तर चढाला चालणारी.

खिडकीखाली येऊन, आमच्या घराच्या भिंतीला एक हात टेकवून तिने टोपी काढली. केस कपाळाला चिकटलेले.

ताई म्हणाली, "तू कशाला आलीस?"

"आले नाही गं. चुकून."

"मग चुकून आलीस तशी चुकून परत जा."

"मोठी, दोनच मिनिटं. पाणी पिते फक्त."

"गेल्या वर्षीही पाणीच प्यायचं होतं."

भिंगरीने एक पाय पायडलवरून सोडवला. तो हवेत लोंबकळत राहिला. टेकलेला नव्हता, पण टेकणारच होता. तिला बघायला ताईने वर्षभर दिवस काढले होते, ते मला माहीत. आणि हा पाय जमिनीला लागला की गेल्या वर्षीसारखंच होणार, हेही माहीत. ताईने "ये" म्हणावं की म्हणू नये, माझं मलाच कळेना.

"पाय वर घे," ताई म्हणाली. "तुझ्याकडे दोन आहेत ना, मग दोन्ही चालव."

"एकदा बघू तर दे तुला नीट..."

ताईने खिडकी लावून घेतली. धाडकन. वर कडीही घातली. कडीचा आवाज खालपर्यंत आला.

भिंगरी माझ्याकडे बघायला लागली. "रागावली का गं ती?"

"मला काय विचारतेस? मी जन्मभर तिची पाठच बघत आले."

ती थोडा वेळ बंद काचेकडे बघत राहिली. मग टोपी घातली, लोंबणारा पाय वर घेतला आणि भिंतीजवळ एक गिरकी घेऊन निघाली. गल्ली आता मोकळी झाली होती. मी तिची पाठ बघत होते. खांदा उतरलेला होता. नाक्याजवळ गेल्यावर तो वर आला, आणि ती मान वर करून उजवीकडे, सरळ रस्त्याला लागली. घड्याळवाल्याने टाळ्या वाजवल्या.

मी जिना चढून वर गेले. ताई खाटेच्या कडेला, खिडकीकडे पाठ करून बसली होती.

"गेली?"

"गेली."

"कुठल्या बाजूनं?"

"जायचं त्याच बाजूनं."

"मागे वळून बघितलं?"

"नाही."

मला राहवेना. "काय गं हे? वर्षभर जिची वाट बघितलीस, तिच्या तोंडावर खिडकी लावलीस? मला तर काही समजतच नाही तुझं."

"उघडी राहिली असती, तर मीच म्हणाले असते, ये वर," ताई म्हणाली. बोलताना तिचा डावा खांदा उतरला होता. मग तिने पदराने तोंड पुसलं आणि माझ्या कंबरेकडे बघितलं. "हा पडदा का गुंडाळलायस अंगाला? आणि आता उघड ती खिडकी, गुदमरतंय इथं."

मी कडी काढली. नाक्यावर एक मागे राहिलेला पिवळा सदरा घड्याळवाल्याला रस्ता विचारत होता. ताई खिडकीतून वाकली आणि तिथूनच ओरडली, "सरळ! मान वर!"